सिमेंटचा पत्रा, आयएस ४५९

बाहेर पाऊस होता आणि विजेवरचा कटर भिजवून चालत नाही, म्हणून मिस्त्रीने नवे पत्रे पडवीत घेऊन कापले. आमच्या घरातल्या ॲस्बेस्टॉसच्या प्रकरणात खरी चूक म्हणावी ती एवढीच, जेमतेम दोन तासांची. बाकीचं सगळं तिच्या आगेमागे घडलेलं. त्या दिवशी पडवीत सहा माणसं होती आणि काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. त्या सहांत मी होतो. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, पुण्यात साइटवर पंधरा वर्षं काढलेला माणूस.

घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फार आत नाही. मूळ घर जांभ्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. १९८०च्या दशकात नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, पुढची पडवी वाढवली, मागीलदारी न्हाणीघर आणि गोठा काढला आणि या वाढीव भागावर कौलांऐवजी पत्रे घातले. कारण कोकणातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. वानर कौलं फोडतात, दरवर्षी आगोटीच्या आधी कौलं परतायला माणूस मिळत नाही, आणि मिळालाच तर तो चढताना आणखी दहा फोडतो. पत्रा एकदा घातला की घातला. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत गंजतो, उन्हात तापतो, पावसात कान बधिर करतो. सिमेंटचा पत्रा यातलं काहीच करत नाही. नानांचा निर्णय त्या काळात शहाणपणाचाच होता, आणि वस्तू म्हणून तो पत्रा वाईट नव्हता हे मी आजही म्हणेन.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी शंभराहून अधिक किलोमीटरचा वारा, झोत त्याहून जोरात. आमच्याकडे पोफळी काडीसारख्या मोडल्या, एक माड न्हाणीघरावर आडवा झाला. ३८ पत्र्यांपैकी २१ फुटले किंवा उडाले. दोन पत्रे शेजाऱ्यांच्या कलमांत मिळाले. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे पुण्याहून पास काढून मी आणि धाकटा भाऊ चौथ्या दिवशी पोचलो. वीज नव्हती. पाऊस सुरू झालेला. घरात जिथे कोरडं होतं तिथे नाना-काकू, दोन गाई आणि तांदळाची पोती एकत्र होती.

पुढचे दोन दिवस आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण प्रकरण त्यातच आहे.

पहिल्या दिवशी फुटके पत्रे उचलले. मोठे तुकडे गोठ्यामागे रचले. बारीक तुकडे घमेल्यांत भरून गाडीवाटेवरच्या चिखलात टाकले आणि वरून ट्रॅक्टर फिरवला, म्हणजे चाकं रुतणार नाहीत. आमच्याकडे सगळे हेच करतात. अर्धवट फुटून हुकाला लोंबकळणारे पत्रे भावाने खालून पहारीने ठोकून पाडले. सुदैवाने हे सगळं भर पावसात झालं. ओल्या पत्र्याचा धुरळा उडत नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. पावसाचा वैतागच आला होता.

दुसऱ्या दिवशी नवे पत्रे आले. त्या आठवड्यात सगळ्या तालुक्याला पत्रे हवे होते, त्यामुळे मिळाले ते दहा फुटी. आमची गाळ्यांची मापं आठ फुटांची. म्हणजे प्रत्येक पत्रा कापणं आलं. मिस्त्री भाड्याचा जनरेटर घेऊन घरोघर फिरत होता, त्याला आमच्यानंतर आणखी दोन घरं करायची होती. त्याने शाबूत पत्र्यांखालचा पडवीचा कोपरा गाठला, पत्रा दोन बाकांवर आडवा टाकला आणि कटर लावला. जांभ्याची भिंत तीन बाजूंनी, चौथ्या बाजूला पावसाची झड आत येऊ नये म्हणून आम्हीच बांधलेली ताडपत्री. पांढरट राखाडी धुरळा इतका उडाला की पलीकडच्या टोकाचा झोपाळा दिसेना. करोनामुळे प्रत्येकाकडे मास्क होता. कापडी, आणि हनुवटीवर. मिस्त्री पत्रा कापता कापता विडी ओढत होता. त्याचा पोरगा दुसरं टोक धरून उभा होता. नाना खुर्चीवर बसून मापं सांगत होते.

काम संपल्यावर काकूंनी केरसुणीने पडवी झाडली. दोनदा, कारण पहिल्यांदा झाडलेलं पुन्हा खाली बसलं. मग आमचे कपडे दगडावर आपटून भुगा झटकला आणि सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धुतले. संध्याकाळी परसातल्या अळवाच्या पानांवर पिठासारखा थर होता, तो मला स्पष्ट आठवतो. काकू म्हणाल्या, "आज अळू नको."

त्यानंतर दोन वर्षं काहीच झालं नाही. तौक्ते वादळात दोन पत्र्यांना चीर गेली, ती आम्ही डांबरपट्टीने बुजवली. उलगडा झाला तो पुण्यात, एका गोदामाच्या साइटवर. मालकाच्या अटींत छपराला ॲस्बेस्टॉसविरहित पत्रा हवा असं लिहिलेलं होतं. मी नेहमीच्या दुकानदाराला सिमेंटच्या पत्र्याचा भाव विचारला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगताय तो ४५९ आहे. तुम्हाला १४८७१ लागेल, थोडा महाग पडतो." मी विचारलं, फरक काय? तो हसला. "तेच तर. ४५९ म्हणजे ॲस्बेस्टॉस."

आयएस ४५९ हा आकडा मी परीक्षेत लिहिला होता. पन्हळी ॲस्बेस्टॉस सिमेंट पत्र्यांसाठीचं भारतीय मानक. हाच आकडा आमच्या पडवीच्या पत्र्यांच्या खालच्या अंगाला, काळ्या शाईत, कारखान्याच्या शिक्क्याशेजारी छापलेला होता. झोपाळ्यावर उताणं पडलं की तो बरोबर डोळ्यांसमोर यायचा. लहानपणापासून मी तो शिक्का वाचतो आहे. बाहेरगावची मंडळी विचारतात की लपलेलं ॲस्बेस्टॉस ओळखायचं कसं. आमच्याकडे ते लपलेलं नव्हतंच. त्याला आपण दुसरं नाव दिलं होतं, इतकंच. कोकणात, देशावर, मुंबईच्या चाळींत, सगळीकडे तो 'सिमेंटचा पत्रा' आहे, नाहीतर एखाद्या कंपनीच्या नावाने ओळखला जाणारा पत्रा. पुस्तकात शिकलेलं ॲस्बेस्टॉस आणि घरावरचा पत्रा हे माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खणांत होते. एकट्या माझाच दोष आहे असंही नाही. जनगणनेत घराच्या छपराचा जो प्रश्न असतो, त्यात जस्ताचा पत्रा, इतर धातूचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा यांना मिळून एकच रकाना आहे. २०११च्या मोजणीत देशातली साधारण १६ टक्के घरं त्या एका रकान्यात बसली. त्यातली किती टिनाची आणि किती ॲस्बेस्टॉसची, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आता त्या धुरळ्यात होतं काय ते सांगतो. ॲस्बेस्टॉस हा खडकातून निघणारा तंतू आहे. खनिजांच्या सहा प्रकारांना मिळून हे नाव आहे. आपल्याकडच्या पत्र्यात असतो तो क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस. सिमेंटला ताण सोसत नाही, म्हणून पत्र्यात वजनाने साधारण ८ ते १० टक्के हा तंतू कालवतात. मातीच्या भिंतीत भाताचा पेंढा कालवतात तसाच प्रकार. आठ फुटी पत्रा तीस किलोच्या आसपास भरतो. म्हणजे प्रत्येक पत्र्यात अडीच-तीन किलो, आणि आमच्या ३८ पत्र्यांत मिळून शंभर किलोच्या घरात ॲस्बेस्टॉस. हा हिशेब मी साइटवरच्या वहीत मागच्या पानावर केला आणि वही मिटली.

तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेला असतो तोवर तो आपल्याला काही करत नाही. पत्र्याखाली झोपल्याने कुणी आजारी पडत नाही. पण ॲस्बेस्टॉसची गंमत अशी की त्याचा तुकडा आडवा मोडण्याऐवजी उभा चिरतो. केस सत्तरेक मायक्रॉनचा धरला, तर फुप्फुसात खोल जाणारा तंतू तीन मायक्रॉनपेक्षाही बारीक. कटरचं पातं फिरलं की असे असंख्य तंतू सुटतात, आणि वाऱ्याशिवायही तासन्‌तास तरंगतात. डोळ्यांना दिसतो तो सिमेंटचा भुगा, आणि तो लवकर खाली बसतो. पडवी झाडून 'स्वच्छ' झाल्यावर हवेत जे उरलं होतं ते आम्हाला दिसणारं नव्हतं. फुप्फुसात गेलेला लांब तंतू शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींना गिळता येत नाही. त्या मरतात, सूज राहते, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. त्यातून फुप्फुस ताठर करणारा ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, हे आजार होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळेच प्रकार, पांढऱ्यासकट, माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. आणि आजार दिसायला वीस ते चाळीस वर्षं लागतात, मेसोथेलिओमाला कधी त्याहून जास्त.

हे सगळं वाचून मी गणपतीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा माझ्या बोलण्यात घाबरटपणा आला होता, हे कबूल करतो. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चाळीस वर्षं याच पत्र्याखाली बसतोय. मला काय झालं?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्याच बाजूचं आहे. धड पत्रा निरुपद्रवी असतो. उरलेलं अर्धं उत्तर त्यांना आवडलं नाही. दर मे महिन्यात, आगोटीच्या कामांत, नाना स्वतः शिडीवर चढून पत्र्यावरचं वाळलेलं शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढायचे. जुन्या पत्र्याचं वरचं सिमेंट पावसाने हळूहळू धुऊन जातं आणि पृष्ठभागावर तंतू उघडे पडतात. हात फिरवला तर पीळ सुटलेल्या सुतळीसारखं बारीक लव लागतं. नेमकं तेच ते कोरड्या हवेत घासत होते, खाली काकू तुळशीला पाणी घालत असताना. घासलेलं सगळं पहिल्या पावसात पागोळ्यांतून खाली अंगणाच्या कडेला साचायचं.

मग आम्ही घरभर शोध घेतला. नानांतला विज्ञान शिक्षक जागा झाला आणि त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादी करायला घेतली. पहिली जिन्नस त्यांनीच स्वयंपाकघरातून आणली, आणि आणताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. प्रयोगशाळेतली तारेची जाळी. ज्यांनी शाळेत चंचुपात्र तापवलं आहे त्यांना आठवेल, चौकोनी जाळी आणि मधोमध पांढरा गोल थापा. तो थापा जुन्या जाळ्यांत ॲस्बेस्टॉसचा असायचा, आता सिरॅमिकचा असतो. हायस्कुलातली जुनी जाळी निकालात निघाली तेव्हा नानांनी ती घरी आणली होती, आणि काकू इतकी वर्षं तिच्यावर दूध तापवत होत्या, कारण तळाला लागत नाही. थाप्याचे पापुद्रे सुटले होते, एका कोपऱ्यात तार उघडी पडली होती. काकूंनी ती दर आठवड्याला काथ्याने घासून लख्ख केली होती. पत्र्याहून मला हीच वस्तू जास्त लागली. पत्रा डोक्यावर दहा फूट उंच होता. ही नाकापासून दोन फुटांवर, रोज.

न्हाणीघराच्या मागून वर जाणारा राखाडी नळ निघाला ए.सी. पाइप, आणि त्यातलं 'ए' कशाचं हे आता सांगायला नको. माळ्यावर नानांच्या जुन्या स्कूटरचे ब्रेक लायनर एका डब्यात होते. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं, आणि ड्रम उघडल्यावर गॅरेजवाला तोंडाने किंवा कंप्रेसरने भुगा उडवायचा. डबा आम्ही उघडलाच नाही. काकूंनी पावडरचा डबा पुढे केला. पावडर ज्या खनिजाची असते ते टाल्क आणि ॲस्बेस्टॉस एकाच जातीच्या खडकांत शेजारी सापडतात, त्यामुळे खाणीत भेसळ होऊ शकते, आणि त्यावरून अमेरिकेत मोठे खटले झाले. पण डबा बघून त्यात काय आहे ते ठरवता येत नाही. काकूंनी ती वापरणं सोडलं, विषय संपला. नाना मात्र थांबेनात. फॉल्स सीलिंग, प्लायवुड, भिंतीचा चुना, सगळ्यांवर त्यांचा संशय. भीती एकदा घरात शिरली की ती केरसुणीसारखी सगळीकडे फिरते, म्हणून मी यादी तिथेच थांबवली. पत्र्याचा आणि जाळीच्या थाप्याचा नखाएवढा तुकडा, आधी ओला करून, दोन पिशव्यांत बंद करून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दिला. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दोन्हींत क्रायसोटाइल निघालं.

धोका किती, याचं उत्तर मला घरच्यांना द्यायचं होतं, आणि मला ते खोटं नको होतं. १९६५ साली लंडनमधल्या न्यूहाउस आणि थॉम्पसन या दोन संशोधकांनी मेसोथेलिओमाच्या ७६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले ९ जण स्वतः कधी ॲस्बेस्टॉसच्या कामावर गेले नव्हते, त्यांच्या घरातलं कुणीतरी जात होतं. नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायका त्यांत ठळक होत्या. हे वाचलं तेव्हा मला दगडावर कपडे आपटणाऱ्या काकू दिसल्या. पण ते नवरे वर्षानुवर्षं रोज कामावरून तसे कपडे आणत होते. आमच्याकडे ती एक दुपार. धोका मात्रेप्रमाणे वाढतो. अमुक इतक्या मात्रेखाली शून्य धोका, अशी रेघ कुणी ओढून दिलेली नाही, पण एका दुपारचा धोका लहान असतो. नानांना आणि काकूंना मी हेच सांगितलं. एक्स-रे काढून आज काही दिसणार नाही. गिळायला औषध नाही. डॉक्टरकडे कधी खोकल्यासाठी गेलात तर पत्र्याचं सांगा, बस.

मला झोप लागली नाही ती मिस्त्रीमुळे. आमची एक दुपार होती, त्याचा अख्खा पावसाळा. निसर्गानंतर त्याने किती घरांचे पत्रे कापले असतील याचा हिशेब त्याच्याकडेही नाही. विडी आणि ॲस्बेस्टॉस हे दोन धोके फुप्फुसाच्या कर्करोगात नुसते एकात एक मिळवले जात नाहीत, एकमेकांना कितीतरी पटीने वाढवतात. २७ जानेवारी १९९५ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांबद्दल निकाल दिला, त्यात कारखान्याने कामगाराच्या आरोग्याची नोंद निदान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर जपावी असं सांगितलं आहे. आजार चाळीस वर्षांनी उगवतो, म्हणून नोंदही तेवढी. निकाल चांगलाच आहे. पण आमचा मिस्त्री कुठल्या कारखान्यात कामाला आहे? त्याची हजेरी म्हणजे त्याच्या खिशातली छोटी डायरी, आणि ती दर दिवाळीला नवी येते. २०५० साली त्याच्या पोराला धाप लागली तर आमच्या पडवीतला तो कोपरा कुणाच्या नोंदीत असणार?

पत्रा बेकायदा नाही, हेही सांगायला हवं. जगात साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, ब्रिटनने १९९९ मध्ये, शेजारच्या नेपाळने २०१५ मध्ये. आपल्याकडे १९८६पासून नव्या खाणींना परवाने देणं थांबलं, पण आयात चालू आहे, मुख्यतः रशिया आणि कझाकस्तानातून, आणि जगात सगळ्यात मोठा आयातदार आपणच आहोत. २०११ मध्ये सरसकट बंदीची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. २००६ साली क्लेमांसो हे फ्रेंच लढाऊ जहाज त्यातल्या ॲस्बेस्टॉसमुळे गुजरातेत अलंगला मोडीत निघायच्या वाटेवरून परत गेलं, तेव्हाच्या बातम्या मला आठवतात. आम्ही त्या पडवीतच टीव्हीवर पाहिल्या होत्या, पत्र्याखाली बसून.

पुढे काय करायचं यावर घरात महिनाभर वाद झाला. धड असलेले पत्रे राहू द्यावेत, वरून रंगाचा जाड हात मारून तंतू बांधून टाकावेत, हा पर्याय वाईट नव्हता आणि बहुतेक घरांना मी तोच सांगेन. पण आमच्याकडे माड आहेत, वादळं पुन्हा येणारच, आणि फुटलेला पत्रा भर पावसात घाईने बदलावा लागतो. म्हणून सावकाश, कोरड्या दिवसांत, आपल्या वेळेने उतरवायचं ठरलं. दिवाळीनंतर तोच मिस्त्री बोलावला. मुद्दाम तोच.

आंब्याच्या फवारणीचा पंप घेतला, त्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, म्हणजे पाणी पत्र्यात मुरतं, ओघळून जात नाही. आदल्या संध्याकाळी आणि सकाळी दोन्ही अंगांनी फवारलं, काम चालू असतानाही भाऊ पंप घेऊन उभा. विजेवरचा कटर घरात आणायलाच बंदी. गंजलेले हुक हाताच्या बोल्ट-कटरने तोडले, पत्रा अखंड उचलून दोघांनी दोरीवरून खाली सोडला, टाकला नाही. पडवीत प्लास्टिक अंथरलं होतं. मास्क पी-१०० दर्जाचे, पुण्याहून आणलेले. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे कुचकामी. मिस्त्रीने पहिल्या तासात तो दोनदा काढला, गुदमरतं म्हणाला. तिसऱ्यांदा काढला तेव्हा काकू माजघरातून म्हणाल्या, "अरे, पोराकडे बघून तरी घाल." मग दिवसभर काढला नाही. केरसुणी कपाटात बंद होती, जमीन ओल्या फडक्यांनी पुसली, फडकी टाकून दिली. कपडे न झटकता बादलीत बुडवले आणि वेगळे धुतले. आधीच्या पद्धतीने दोन दिवसांत झालं असतं, त्याला पाच दिवस लागले. मिस्त्रीला पाचांची मजुरी दिली आणि यावर नानांचा आक्षेप अजून आहे.

वर आता रंगीत लेपाचा पोलादी पत्रा आहे. खाली उष्णता अडवणारं अस्तर आणि बांबूची चटई असे दोन थर घातले, तरी दुपारी तापतो. पावसात टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही. नाना याचा उल्लेख रोज करतात आणि ते खरं बोलतात.

राहिला प्रश्न उतरवलेल्या पत्र्यांचा. धोकादायक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत टाकून दिलेलं ॲस्बेस्टॉस यादीत आहे, पण ती नोंद कारखान्यांच्या प्रक्रियेखाली येते. राज्यात असा कचरा शास्त्रशुद्ध पुरणारी केंद्रं आहेत. एका ठिकाणी फोन केला तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "युनिटचं नाव?" मी म्हटलं, युनिट नाही, घर आहे. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग घरासाठी असं काही नाही, पंचायतीला विचारा, असं उत्तर मिळालं. पंचायतीत विचारलं तर, "टाका की रस्त्याच्या खड्ड्यात." ते आम्ही आधीच केलेलं होतं. गाडीवाटेवरचे तुकडे परत उकरण्यापेक्षा त्यावर वीतभर मातीचा थर आणि वर चिरे बसवले. उकरलं असतं तर पुन्हा धुरळा झाला असता.

म्हणून ते पत्रे, पाइप, जाळी आणि ब्रेकचा न उघडलेला डबा, सगळं शेततळ्याला वापरतात त्या जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून गोठ्यामागे चिऱ्यांच्या ओट्यावर ठेवलं आहे. गावात धड सिमेंटच्या पत्र्याला किंमत आहे, त्यामुळे दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायला येतं. कोंबड्यांच्या खुराड्याला दोनच द्या, सरपणावर घालायला चार द्या, तुमचे पडूनच आहेत ना. नानांना नाही म्हणता येत नाही, जन्मभर आल्यागेल्याला देत आलेला माणूस. गेल्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा गठ्ठ्यावर लाल ऑइलपेंटने काहीतरी लिहिलेलं दिसलं. अक्षर काकूंचं, हळदीकुंकवाच्या आमंत्रणासारखं वळणदार. 'हे सिमेंटचे पत्रे नव्हेत. ॲस्बेस्टॉस आहे. मागू नये, देऊ नये.' दुसरी ओळ कुणासाठी आहे हे नानांनी मला विचारलं नाही.